वडिलांसाठी फोन घ्यायचाय, पण लवकर अपडेट बंद न होणारा

कळंब्याची_लेक
नमस्कार मंडळी. वडिलांचा फोन बदलायचा आहे. आत्ताचा तसा धडधाकट आहे. काच शाबूत, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, व्हॉट्सअ‍ॅपवर भजनी मंडळाचे व्हिडिओ धो धो येतात. पण मध्यंतरी त्यांच्या बँकेचं अ‍ॅपच उघडेना, "या अँड्रॉइड आवृत्तीवर चालणार नाही" असा संदेश. सेटिंगमध्ये अपडेट शोधलं तर फोन म्हणतो "तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे", आणि त्याच्याच खाली शेवटच्या सुरक्षा पॅचची तारीख कितीतरी जुनी!

बजेट २० हजारांपर्यंत. एकदा घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको. इथे कोल्हापुरात राजारामपुरीत चौकशी केली, तर जो तो मेगापिक्सेल आणि चार्जर किती वॉटचा यावरच. अपडेट किती वर्षं म्हणून विचारलं तर एकजण म्हणाला, "ताई, अपडेट येतच असतंय की, वायफायला लावून ठेवायचं." नेमकं विचारायचं काय, तेच मला कळेना झालंय.

तिखट_मिसळ
वाचतोय. आमच्या पिताश्रींची पण हीच कथा.

रंकाळ्याचा_वारा
ताई, पहिल्यांदा एक गोष्ट वेगळी करून घ्या. "अपडेट" या एका शब्दाखाली कंपन्या दोन वेगळी आश्वासनं देतात. एक म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती, १५ ची १६ होते ती. दुसरं म्हणजे सुरक्षा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं बुजवणं. दोन्हींची वर्षं सारखी असतीलच असं नाही. उदाहरणार्थ नथिंग कंपनीचा "फोन ३ए": आवृत्त्या ३ वर्षं, सुरक्षा ६ वर्षं. वनप्लस नॉर्ड सीई ४: आवृत्त्या २, सुरक्षा ३ वर्षं. जाहिरातीत यातला मोठा आकडाच ठळक असतो, त्यामुळे दुसराही शोधायचा.

आता २० हजारांचं. सॅमसंगचा गॅलॅक्सी ए१६ ५जी ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तेव्हा याच किमतीच्या आत होता आणि त्याला ६ आवृत्त्या व ६ वर्षं सुरक्षा जाहीर झाली. त्यानंतरच्या ए१७ ५जी लाही तेवढंच, तो ऑगस्ट २०२५ चा. या किमतीला सहा वर्षं म्हणजे काही वर्षांपूर्वी कुणी वेड्यात काढलं असतं. त्याहून स्वस्तात बसवायचं तर ए०६ ५जी: ४ आवृत्त्या, ४ वर्षं सुरक्षा.

सात वर्षं हवी असतील तर खिसा मोठा लागतो. पिक्सेल ८ पासून पुढचे गूगलचे फोन आणि गॅलॅक्सी एस२४ पासून पुढची एस मालिका. पिक्सेलमधला त्यातल्या त्यात परवडणारा ८ए, तोसुद्धा मे २०२४ मध्ये ५० हजारांच्या वरच आला होता.

आणि ही वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून. तुम्ही खोकं कधी फोडलं त्याचा काही संबंध नाही. ए१६ आज घ्या नाहीतर पुढच्या वर्षी घ्या, त्याची मुदत २०३० च्या शेवटाकडेच संपणार.

कळंब्याची_लेक
हे शेवटचं मला माहीतच नव्हतं! म्हणजे दसऱ्याच्या ऑफरमध्ये जो स्वस्त होतो…

गल्ली_नं_आठ
…तो बहुतेक वेळा स्टॉक संपवायला काढलेला असतो. मी राजारामपुरीतच एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, दुकानाचं नाव विचारू नका. 😄

खरं सांगायचं तर अपडेटचं विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. कॅमेरा, हप्ता किती बसतो, कव्हर आणि काच फुकट देणार का, एवढ्यावर सौदा होतो. मोठ्या दुकानात निळा-लाल टी-शर्ट घालून जो समजावून सांगायला येतो तो बऱ्याचदा दुकानाचा माणूस नसतो, कंपनीचा प्रमोटर असतो. त्याला ठरावीक मॉडेलवर इन्सेंटिव्ह. त्या महिन्यात जे मॉडेल खपवायचं आहे त्याचा कॅमेरा त्याला भारी दिसणारच. त्याचं पोट आहे, राग धरू नका. पण निवड घरून करून या आणि मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून आणा. पूर्ण म्हणजे पूर्ण. आकडा तोच, पण मागे "५जी", "लाइट", "निओ", "प्रो" लागलं की तो दुसराच फोन, चिप दुसरी आणि अपडेटची वर्षंही दुसरी.

मोटोरोलाचंच बघा. जी५४ आणि जी६४ ला एकच नवी आवृत्ती आणि ३ वर्षं सुरक्षा. आणि त्याच कंपनीच्या एज ५० निओला ५ वर्षं. त्यामुळे "अमुक कंपनी अपडेट देते का" हा प्रश्नच चुकीचा, अमुक मॉडेलला किती ते विचारायचं.

उद्यमनगर_वाला
सात वर्षं? अरे आमच्या शॉपवर फोन दोन वर्षं टिकला तरी आम्ही पेढे वाटतोय. फाउंड्रीची धूळ स्पीकरात, ऑइलचा हात स्क्रीनवर, आणि एकदा तरी लेथच्या ट्रेमध्ये डुबकी ठरलेली. बॅटरी तीन वर्षांत फुगतीय. मग ते २०३१ चं अपडेट काय फोटोला हार घालायला घेऊ काय? ह्यो सगळा कंपन्यांचा जाहिरातीचा नाद हाय भावांनो. पंधरा हजाराचा घ्यायचा, दोन-अडीच वर्षं पिळायचा, टाकून द्यायचा.

रंकाळ्याचा_वारा
उद्यमनगरवाले दादा, तुमच्या कामाला तुमचं गणित बरोबर आहे. पण ताईंचे वडील लेथवर नाहीत. 😀 घरी कव्हर घालून जपून वापरणाऱ्या माणसाच्या फोनचं हार्डवेअर पाच वर्षं आरामात जातं, आधी मरतं ते सॉफ्टवेअर. त्यांच्या आत्ताच्या फोनचं तेच झालंय.

शिवाय किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघा. समजा १३ हजारांचा फोन, सुरक्षेची २ वर्षं उरलेली: वर्षाला साडेसहा हजार. १९ हजारांचा, ५ वर्षं उरलेली: वर्षाला ३,८०० रुपये. मधे एकदा बॅटरी बदलायचे पैसे धरले तरी दुसराच स्वस्त.

उद्यमनगर_वाला
हां, हे गणित पटलं. पण मग बॅटरी ओरिजिनल मिळायला पाहिजे, नाहीतर पुन्हा बोंब.

गल्ली_नं_आठ
बरोबर मुद्दा. घ्यायच्या आधी विचारा: अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापुरातच आहे, की फोन पुण्याला कुरिअर होणार? सात वर्षांचं अपडेट आणि बॅटरी बदलायला पंधरा दिवस फोन बाहेरगावी, असं झालं तर वडील तुमच्यावरच चिडणार. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस बंद होता, कुरिअर काय नि दूध काय, सगळं अडकलं होतं.

निवृत्त_मास्तर
मी तसा जुन्या पिढीतला. माझ्या फोनमध्ये आत्ता शोधले. "सेटिंग्ज", मग "फोनविषयी", मग "अँड्रॉइड आवृत्ती" असे गेलो. तिथे दोन तारखा दिसतात. "अँड्रॉइड सुरक्षा अपडेट" दीड वर्षापूर्वीचे, आणि "गूगल प्ले सिस्टिम अपडेट" मात्र अगदी अलीकडचे. म्हणजे माझा फोन सुरक्षित समजावा की नाही? कृपया सोप्या भाषेत सांगावे.

मूळ_गडहिंग्लज
मास्तर, नमस्कार. मी पुण्यात मोबाइल सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे, सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

अँड्रॉइड गूगल तयार करतं, पण ते थेट तुमच्या फोनमध्ये येत नाही. मधे चिप बनवणारी कंपनी असते, क्वालकॉम किंवा मीडियाटेक. कॅमेरा, मोडेम (नेटवर्क पकडणारा भाग), ग्राफिक्स चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिने नव्या आवृत्तीसाठी जुळवून द्यावे लागतात. त्यावर फोन कंपनी आपलं रंगकाम चढवते, तपासते आणि मग ते तुमच्यापर्यंत येतं. म्हैस शेतकऱ्याच्या गोठ्यात असली तरी दूध संकलन केंद्र, टँकर, पाश्चरायझेशन या वाटेनंच पिशवी घरी येते, तसंच हे. मधला एक टँकर बंद झाला की पुढचं सगळं थांबतं. चिपवाल्याने जुन्या चिपकडे बघणं सोडलं की फोन कंपनीची इच्छा असली तरी तिचे हात बांधले जातात. स्वस्त फोनची अपडेट लवकर थांबतात त्यामागे हे एक मोठं कारण. दुसरं कारण साधं आहे: विकून झालेल्या फोनवर अभियंते बसवायचे म्हणजे खर्च, आणि त्यातून नवीन पैसा शून्य.

यावर इलाज म्हणून गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आणलं. चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगवेगळे केले, म्हणजे वरचा भाग बदलताना खालच्याला दर वेळी हात लावायला नको. मग २०१९ मध्ये, अँड्रॉइड १० पासून, प्रोजेक्ट मेनलाइन आलं. त्यात अँड्रॉइडचे काही तुकडे फोन कंपनीला न विचारता थेट गूगलकडून बदलता येतात. मास्तर, तुमची ती दुसरी तारीख याचीच. ती ताजी आहे हे चांगलंच, पण ती पहिलीची जागा घेत नाही. ड्रायव्हर, कर्नल (अँड्रॉइडचा गाभा), मोडेममधली भोकं पहिल्या तारखेवाल्या पॅचमधूनच बुजतात. त्यामुळे बघायची ती पहिली तारीख.

चिपचं महत्त्व किती ते फेअरफोन ५ वरून कळतं. २०२३ च्या या युरोपीय फोनमध्ये त्यांनी मुद्दाम क्वालकॉमची औद्योगिक उपकरणांसाठीची चिप घातली, कारण तिला क्वालकॉम जास्त वर्षं सॉफ्टवेअर पुरवतं.

निवृत्त_मास्तर
उत्तम समजावलेत. टँकरचे उदाहरण आवडले, आम्ही अनेक वर्षे संस्थेला दूध घातले आहे. धन्यवाद.

तिखट_मिसळ
मग सगळ्यात सोपं, सेकंडहँड आयफोन घ्या की. आयफोनला मरेपर्यंत अपडेट.

रंकाळ्याचा_वारा
मरेपर्यंत नाही रे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोनचं आयओएस २६ आलं त्यात २०१८ चे एक्सआर, एक्सएस बाद झाले. २०१९ चा आयफोन ११ त्या यादीत राहिला. म्हणजे साधारण सात आवृत्त्या होतात, कमी अजिबात नाहीत. पण जुना आयफोन घेताना त्यातली बरीच वर्षं आधीच्या मालकाने खाल्लेली असतात. २० हजारांत मिळणाऱ्याची किती उरली ते मोजा. आणि सत्तरीला आलेल्या माणसाला अँड्रॉइडवरून आयफोनवर आणायचं म्हणजे घरात रोज शिकवणी. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

सेकंडहँड काहीही घेतलं तरी आधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. एसएमएसनेही होतं: केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय, पाठवायचा १४४२२ ला. चोरीचा किंवा ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं.

जुगाडू_इंजिनिअर
वडिलांचा आत्ताचा फोन का फेकताय पण? बूटलोडरचं (फोन चालू होताना सॉफ्टवेअर सुरू करणारा भाग) कंपनीनं लावलेलं कुलूप काढून, म्हणजे अनलॉक करून, लिनिएजओएस टाका, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड. मॉडेल त्यांच्या यादीत असेल तर जुन्या हार्डवेअरवर नवं अँड्रॉइड आणि नियमित सुरक्षा पॅच. मी स्वतः वापरतोय, लोण्यासारखा चालतो. एका पैशाचा खर्च नाही.

मूळ_गडहिंग्लज
तुमच्यासाठी ठीक. पण इथे मूळ तक्रार बँकेच्या अ‍ॅपची आहे. बूटलोडर अनलॉक असला की गूगलच्या प्ले इंटिग्रिटीच्या (फोनमध्ये छेडछाड झालीय का ते बघणाऱ्या) तपासणीत फोन अडकतो आणि बरीचशी बँक अ‍ॅप्स चालायला नकार देतात. त्यावर तोडगे निघतात, पुन्हा बंद पडतात, पुन्हा नवे निघतात. वडिलांच्या पेन्शनच्या खात्यावर हा उंदीर-मांजराचा खेळ नको. शिवाय ड्रायव्हर आणि मोडेमचा खालचा भाग जुनाच राहतो, तो लिनिएजवाल्यांच्याही हातात नाही.

जुगाडू_इंजिनिअर
बँकेचं मान्य. व्हिडिओ बघायला आणि गाणी ऐकायला म्हणून तो जुना फोन द्या मग माझ्याकडे. 😁

उद्यमनगर_वाला
एक विचारतो, राग मानू नका. आमच्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले त्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर "लग्नपत्रिका" नाहीतर "आरटीओ चलन" म्हणून एपीके फाइल (अ‍ॅप इन्स्टॉल करणारी) आलेली. दाबली, इन्स्टॉल केली, विचारेल त्याला हो म्हटलं, खातं साफ. त्यात एकाचा फोन एकदम नवा कोरा होता. मग अपडेटनं काय दिवा लावला?

मूळ_गडहिंग्लज
दादा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. माणसानं स्वतःच्या हातानं दार उघडलं तर कुलूप कितीही नवं असून उपयोग नाही, हे खरंच. पण आवृत्तीचा थोडा फरक तिथेही पडतो. अशी अ‍ॅप्स "अ‍ॅक्सेसिबिलिटी" ची परवानगी मागतात, ती मिळाली की स्क्रीन वाचता येते आणि स्वतःच बटणं दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ती परवानगी सहजासहजी देता येत नाही, मधे अडसर घातलाय. चोर त्यातूनही वाट काढतात, पण जुन्या फोनमध्ये तेवढाही अडसर नाही.

आणि दुसऱ्या प्रकारचे हल्ले असतात ज्यात तुम्ही काहीच दाबायचं नसतं. २०१५ चं स्टेजफ्राइट आठवत असेल: नुसता एमएमएस आला तरी फोन ताब्यात जाऊ शकेल असं भोक अँड्रॉइडमध्ये सापडलं होतं. त्यानंतरच, त्याच वर्षी ऑगस्टपासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था अँड्रॉइडमधल्या अशा धोक्यांच्या सूचना वेळोवेळी काढत असते. त्यावर उपाय एकच लिहिलेला असतो, कंपनीचं अपडेट टाका. ज्याला अपडेट येतच नाही त्यानं काय करायचं, ते त्या सूचनेत नसतं.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. हे घरातल्या फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तिखट_मिसळ
पण व्हॉट्सअ‍ॅप चालतंय तोवर फोन ठीक, असं आपलं माझं मत होतं.

रंकाळ्याचा_वारा
व्हॉट्सअ‍ॅपवरून अंदाज बांधू नकोस. त्यांनी अँड्रॉइड ४.४ ला रामराम ठोकला जानेवारी २०२५ मध्ये, आणि ती आवृत्ती होती २०१३ ची! एवढ्या जुन्या फोनवर ते निभावून नेतात. बँका इतकी कड काढत नाहीत, आणि काढूही नये.

अवांतर: अपडेट म्हणजे फक्त सुरक्षा असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा हातात ५जी फोन असून बऱ्याच जणांना ते मिळेना, कारण कंपनीचं अपडेट यायचं होतं. आयफोनवाल्यांना डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ आल्यावर सर्वांना सुरू झालं. अपडेट बंद झालेल्या फोनला अशी नवी सोय आली की नुसतं बघत बसायचं.

निवृत्त_मास्तर
एक शंका. मोठे अपडेट आले की सगळी बटणे इकडची तिकडे होतात. मागच्या वेळी फोन उचलायचे बटणच मला सापडेना. मग आमच्यासारख्यांनी सहा-सहा आवृत्त्या का घ्याव्यात?

रंकाळ्याचा_वारा
मास्तर, हा मुद्दा एकदम खरा. म्हणून वडीलधाऱ्यांच्या फोनसाठी मी सुरक्षेची वर्षं आधी बघतो, आवृत्त्यांची नंतर. नवी आवृत्ती आली तर महिना-दोन महिने थांबून, मुलगा-मुलगी घरी असतील त्या रविवारी टाकायची. सुरक्षा पॅच मात्र आला की लगेच, त्यात सहसा दिसायला काही बदलत नाही.

आणखी एक, जे जाहिरातीत नसतं: पॅच किती दिवसांनी येतो. सहा वर्षं म्हणजे दर महिन्याला असं नाही. सॅमसंग आपल्या मोबाइल सुरक्षेच्या पानावर मॉडेलवार यादीच देतं, कुणाला मासिक, कुणाला तिमाही, कुणाला सहामाही. मॉडेल जुनं होईल तसं ते खालच्या यादीत सरकतं. स्वस्त फोनला तिमाही मिळालं तरी मी समाधानी.

गल्ली_नं_आठ
रॅम आणि स्टोरेजपण बघा. सहा वर्षं चालवायचा तर ४ जीबी रॅमचा घेऊ नका, पुढच्या आवृत्त्यांत रडतो. निदान ६, जमलं तर ८. स्टोरेज १२८ च्या खाली नकोच. भजनाचे व्हिडिओ भरले की अपडेट उतरवायलाच जागा राहत नाही, आणि मग लोक म्हणतात अपडेट येत नाही! निम्म्या तक्रारी अशाच असतात.

मूळ_गडहिंग्लज
+१. आणि कंपनीचं आश्वासन तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर वाचा, यूट्यूबवरच्या परीक्षणात नको. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झालाय: मॉडेलची विक्री थांबल्यापासून निदान ५ वर्षं अपडेट द्यायची. तो नियम तिथे विकल्या जाणाऱ्या फोनपुरता, त्यामुळे कंपनीच्या भारतातल्या पानावर काय लिहिलंय तेच धरायचं आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

कळंब्याची_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ए१७ ५जी, ८ जीबीवाला, असं ठरवतेय. ए१६ थोडा स्वस्त पडला तरी दहा महिने आधीचा आहे, तेव्हा फरक किती पडतो ते बघून. सर्व्हिस सेंटरचं उद्या फोन करून विचारते. जुगाडूदादा, जुना फोन तुम्हाला नाही, माझ्या भाच्याला गाण्यांसाठी. 😄 देताना काय काळजी घ्यायची तेवढं सांगा.

गल्ली_नं_आठ
क्रम लक्षात ठेवा. आधी नव्या फोनवर बँक आणि यूपीआय सुरू करून एखादा छोटा व्यवहार करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्यावर आला का तेही बघा. मग जुन्यातून सिम आणि मेमरी कार्ड काढा, सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट मारा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलात तर फोन पुन्हा चालू होताना वडिलांचाच पासवर्ड मागत बसेल. दुकानात रोज कुणी ना कुणी असा अडकलेला फोन घेऊन येतंय.

जुगाडू_इंजिनिअर
भाच्याला द्या, पण लिनिएज टाकायचं झालं तर मॉडेल नंबर इथे लिहा. फुकट टाकून देतो.